व्यावसायिक स्त्रियांच्या नेतृत्वापुढील अडथळे व त्यांचे निराकरण : उच्च शिक्षणक्षेत्राच्या विशेष संदर्भात

सारांश

उच्च शिक्षण घेऊन व्यवसायात स्थिरावलेल्या स्त्रियांची संख्या भारतात सातत्याने वाढत आहे. तथापि निर्णयाधिकाराच्या पदांवर त्यांचे प्रमाण त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणमीमांसा महाविद्यालयीन जीवनाच्या संदर्भात केली आहे. स्त्रियांच्या वैयक्तिक उणिवांपेक्षा संस्थांच्या रूढ कार्यपद्धतीत हे अडथळे अधिक दडलेले आहेत, असे प्रतिपादन करून महाविद्यालयाच्या पातळीवर शक्य असलेल्या उपायांची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : व्यावसायिक स्त्रिया, नेतृत्व, काचेचे छत, कार्यविभागणी, प्राचार्यपद.

प्रस्तावना

सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली. शिक्षण, वैद्यक, विधी, प्रशासन, अभियांत्रिकी अशा सर्व क्षेत्रांत आज स्त्रिया कार्यरत आहेत. उच्च शिक्षणाचा विचार केल्यास हा बदल विशेष ठळकपणे दिसून येतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील ४.३३ कोटी प्रवेशित विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या, तर सुमारे १५.९८ लाख अध्यापकांपैकी ४३.४ टक्के स्त्रिया होत्या.

अध्यापक कक्षातील हे चित्र प्राचार्यांच्या दालनात, विद्यापीठाच्या प्राधिकरणांत व संस्थाचालकांच्या बैठकीत मात्र आढळत नाही. सहायक प्राध्यापकापासून प्राध्यापकपदापर्यंत वर जावे तसे स्त्रियांचे प्रमाण घटत जाते. ‘काळाच्या ओघात हे आपोआप सुधारेल’ असे यावर सामान्यतः म्हटले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. नेतृत्वाच्या पदाला लागणारा सेवाकाळ साधारणतः पंधरा ते वीस वर्षांचा असतो आणि तेवढा काळ सेवेत घालवलेल्या, पीएच.डी. धारक स्त्री अध्यापक बहुतेक जुन्या महाविद्यालयांत आज आहेत. म्हणजेच पात्रता असूनही वाट अडते. ती नेमकी कोठे व का अडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) व्यावसायिक स्त्रियांच्या नेतृत्वापुढील अडथळ्यांचे ऐतिहासिक स्वरूप समजून घेणे.
२) महाविद्यालयीन व्यवस्थेतील प्रचलित अडथळ्यांचे विश्लेषण करणे.
३) त्यांच्या निराकरणासाठी संस्था, सहकारी व स्वतः स्त्री अध्यापक यांना काय करता येईल, याचा विचार करणे.

प्रस्तुत लेखात ‘नेतृत्व’ ही संज्ञा केवळ पद या अर्थाने वापरलेली नाही. वेळापत्रक, निधी, नेमणुका व धोरण यांविषयी अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार व त्याची जबाबदारी, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. एखादी अध्यापिका दहा समित्यांवर असूनही यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय तिच्या हाती नसेल, तर तिला कामाचा वाटा मिळाला. नेतृत्व मिळाले असे म्हणता येणार नाही.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

स्त्रियांपुढील अडथळे प्रथम उघड कायद्याच्या रूपात होते. नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना वकिली करण्यास मुभा देणारा विधी व्यवसायी (महिला) अधिनियम १९२३ साली आला. पात्रता व अधिकार यांमध्ये एकतीस वर्षांचे अंतर पडले. या काळात कमतरता सोराबजींच्या विद्वत्तेत नव्हती, हे उघड आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात अडथळ्यांनी सेवानियमांचे रूप घेतले. भारतीय परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी, विवाहानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येत असल्याचे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येईल, असे नियम होते. सी. बी. मुथम्मा यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कठोर ताशेरे ओढले. ‘विवाहित पुरुषाच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येत नाहीत काय?’ हा प्रश्न त्यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आला.

तिसऱ्या टप्प्यात कायदा व नियम यांऐवजी समजुती पुढे केल्या जाऊ लागल्या. सैन्यदलातील स्त्री अधिकाऱ्यांच्या स्थायी नियुक्तीच्या प्रकरणात, ग्रामीण पार्श्वभूमीचे पुरुष जवान स्त्रीचे अधिपत्य स्वीकारण्यास मानसिकदृष्ट्या तयार नाहीत, असा युक्तिवाद शासनाच्या वतीने करण्यात आला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला व अधिपत्याच्या पदांवरील सरसकट बंदी अमान्य केली.

दुसऱ्या बाजूस संधी मिळाली तेव्हा स्त्रियांनी संस्था समर्थपणे उभ्या केल्याचीही उदाहरणे आहेत. हंसा मेहता १९४९ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद १९९५ ते २००० या काळात डॉ. स्नेहलता देशमुख यांनी सांभाळले. मात्र अशी उदाहरणे अपवाद म्हणून गौरविली जातात. अपवादांचा गौरव झाला म्हणजे नियम बदलला असे होत नाही.

प्रचलित अडथळ्यांचे स्वरूप

(अ) मूल्यमापनातील दुहेरी माप

व्हर्जिनिया शाईन यांनी १९७३ साली अमेरिकेतील व्यवस्थापकांचा अभ्यास करून असे दाखवले, की ‘यशस्वी व्यवस्थापक’ म्हणून सांगितले जाणारे गुण व ‘पुरुष’ म्हणून सांगितले जाणारे गुण बहुतांशी एकच असतात. अ‍ॅलिस ईगली व स्टीव्हन कारौ यांनी २००२ मध्ये याचा पुढील परिणाम मांडला. स्त्री मृदू राहिली तर ती नेतृत्वास अयोग्य ठरते आणि खंबीर झाली तर स्त्री म्हणून नावडती होते. मराठी कार्यालयीन भाषेत याचा प्रत्यय नित्य येतो. वक्तशीरपणाचा आग्रह धरणारे सर ‘शिस्तप्रिय’ असतात, तर तोच आग्रह धरणाऱ्या मॅडम ‘फार कडक’ ठरतात.

हे माप केवळ पुरुषांकडेच असते असे नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मॉस-रॅक्युसिन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकी विद्यापीठांतील १२७ विज्ञान अध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज देण्यात आला. काही प्रतींवर पुरुषाचे नाव होते, काहींवर स्त्रीचे. पुरुषाच्या नावाचा अर्ज अधिक सक्षम ठरला व त्याला अधिक वेतन सुचवले गेले. विशेष म्हणजे स्त्री परीक्षकांचा कलही तसाच होता. निवड समितीवर एका महिला सदस्याची नेमणूक करून प्रश्न सुटत नाही, हे यावरून लक्षात येते.

(आ) वेळेची विषम वाटणी

भारतातील २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २९९ व ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, परंतु पुरुषांचा वाटा वाढला नाही. नोकरदार स्त्रियांनाही हा भार चुकत नाही.

या वाटणीचा प्राचार्यपदाशी संबंध थेट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने प्राचार्यपदासाठी पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, किमान दहा संशोधनलेख व ११० संशोधन गुण अशी अर्हता ठरवली. हे निकष सर्वांना समान आहेत. परंतु प्रबंध, लेख व स्थाननिश्चिती यांचा काळ आणि बाळंतपण व मुलांच्या लहानपणाचा काळ स्त्रीच्या आयुष्यात एकमेकांवर येतो. उद्बोधन वा उजळणी वर्गासाठी तीन-चार आठवडे बाहेरगावी राहणे पुरुष सहकाऱ्यास ज्या सहजतेने जमते, त्या सहजतेने तिला जमत नाही. वर्ग लांबला की स्थाननिश्चिती लांबते, स्थाननिश्चिती लांबली की सहयोगी प्राध्यापकपद लांबते, आणि अर्ज करण्याची पात्रता येते तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेली असतात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अध्यापिकेच्या बाबतीत तर या साखळीची पहिली कडीच जुळत नाही.

(इ) कार्यविभागणीतील भेद

महाविद्यालयांतील समित्यांची यादी नजरेखालून घातली तर एक आकृतिबंध दिसून येतो. स्वागत, सूत्रसंचालन, रांगोळी, सांस्कृतिक विभाग, विद्यार्थिनी कल्याण ही कामे बहुधा स्त्री अध्यापकांकडे येतात. परीक्षा विभाग, खरेदी, बांधकाम, अंदाजपत्रक, विद्यापीठाशी पत्रव्यवहार ही कामे बहुधा पुरुषांकडे जातात. पहिल्या प्रकारची कामे कष्टाची व आवश्यक असली तरी दुसऱ्या दिवशी विसरली जातात. दुसऱ्या प्रकारच्या कामांतून सेवानियम, लेखापरीक्षण व निधीव्यवहार यांचे ज्ञान मिळते, आणि प्राचार्यपदाच्या मुलाखतीत विचारणा होते ती याच ज्ञानाची.

‘स्त्रियांना हीच कामे आवडतात’ हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. लिंडा बॅबकॉक व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बढतीस उपयोगी नसलेल्या कामासाठी मिश्र गटात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा पुढे आल्या. मात्र केवळ पुरुषांच्या गटात पुरुषही केवळ स्त्रियांच्या गटातील स्त्रियांइतकेच पुढे आले. यावरून हा आवडीचा भाग नसून ‘ती करीलच’ या सर्वांच्या अपेक्षेचा भाग आहे, असे अनुमान निघते.

(ई) एकाकीपणा व अनौपचारिक संपर्काचा अभाव

रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवले, की मोठ्या गटात एखाद-दुसरी स्त्री असली की ती व्यक्ती न राहता प्रतीक ठरते. तिची चूक सर्व स्त्रियांची चूक मानली जाते. व्यवस्थापन परिषदेत वा अभ्यास मंडळात एकट्या असलेल्या अध्यापिकेस हा अनुभव अपरिचित नाही. शिवाय जागा केव्हा निघणार, कोणाचे नाव चर्चेत आहे, ना-हरकत प्रमाणपत्र कसे मिळवावे, ही माहिती परिपत्रकातून कमी व संध्याकाळच्या गप्पांतून अधिक मिळते. त्या वेळी ती घरी जाणाऱ्या बसमध्ये असते. ग्रामीण भागातील, दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्त समाजांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या अध्यापिकेस तर घरातून, नात्यातून वा जातीच्या संबंधातूनही असा संपर्क लाभत नाही. ‘व्यावसायिक स्त्री’ हा एकजिनसी गट नाही, याचे भान कोणत्याही उपाययोजनेत ठेवावे लागेल.

(उ) ‘प्रभारी’पणाची अडचण

मिशेल रायन व अलेक्झांडर हॅस्लम यांनी २००५ मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या अभ्यासातून असे निरीक्षण मांडले, की संस्था अडचणीत असताना स्त्रीकडे नेतृत्व सोपविले जाण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे प्रभारी प्राचार्यपदाच्या रूपाने याचे साधर्म्य आढळते. जागा रिक्त असते, मूल्यांकन तोंडावर आलेले असते, सेवाज्येष्ठतेने कार्यभार अध्यापिकेकडे येतो. जबाबदारी पूर्ण व अधिकार अपुरा, अशा स्थितीत तिला काम करावे लागते. पुढे नियमित नेमणुकीच्या वेळी मात्र या काळातील अडचणी तिच्या खात्यावर मांडल्या जातात.

‘मला नको’ या नकाराचा अर्थ

संस्थाचालकांचे एक म्हणणे येथे विचारात घेणे आवश्यक आहे. ‘आम्ही विचारले होते, पण मॅडमच नको म्हणाल्या’ असे ते सांगतात, आणि ते बहुधा खरे असते. प्रश्न या नकाराच्या अर्थाचा आहे. ज्या अध्यापिकेस वीस वर्षांत एकदाही अंदाजपत्रक हाताळू दिले नाही, जिच्या घरातील २८९ मिनिटांना पर्याय नाही, जिने आपल्या आधीच्या प्राचार्या महोदयांवरील शेरेबाजी जवळून ऐकली आहे, तिचा नकार हा समोरच्या परिस्थितीचा केलेला अचूक हिशेब असतो. त्यास अनिच्छा वा आत्मविश्वासाचा अभाव मानले, की उपायही चुकीचा सुचतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांनी व आठ मार्चच्या सत्कारांनी उत्साह वाढतो. तथापि हिशेबातील आकडे बदलल्याशिवाय उत्तर बदलत नाही.

निराकरणाचे उपाय

१) कार्यविभागणीत फिरती पद्धत : समित्यांची वाटणी दर दोन वर्षांनी फिरती ठेवावी व ती लेखी प्रसिद्ध करावी. सेवेच्या पहिल्या दहा वर्षांत प्रत्येक अध्यापकाने, स्त्री असो वा पुरुष, परीक्षा, लेखा व खरेदी, गुणवत्ता हमी कक्ष आणि सांस्कृतिक विभाग यांपैकी प्रत्येक ठिकाणी काम करावे, असा नियम महाविद्यालयास स्वतःच्या अधिकारात करता येतो. त्यासाठी शासनाच्या मंजुरीची वा निधीची गरज नाही.

२) प्रशासकीय प्रशिक्षण : विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात उच्च शिक्षणातील महिला व्यवस्थापकांच्या क्षमतावर्धनाची योजना राबवली होती. तिच्यामागील कल्पना आजही उपयुक्त आहे. विद्यापीठ क्षेत्रातील चार-पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन सेवानियम, बिंदुनामावली, लेखापरीक्षणातील आक्षेप, विभागीय चौकशी व न्यायालयीन प्रकरणे या विषयांवर कार्यशाळा घ्याव्यात. त्या दिवसाच्या कामकाजाच्या वेळेत व जवळच्या ठिकाणी असाव्यात.

३) मार्गदर्शनापलीकडील पाठिंबा : ज्येष्ठांचा सल्ला स्त्रियांना मिळतो, परंतु निर्णयाच्या बैठकीत त्यांचे नाव कोणी सुचवत नाही, ही खरी उणीव आहे. प्राचार्यांनी आपल्या कारकिर्दीत किमान दोन स्त्री अध्यापकांना उपप्राचार्य वा समन्वयक म्हणून लेखी अधिकारांसह काम द्यावे, रजेच्या काळात कार्यभार त्यांच्याकडे सोपवावा व विद्यापीठाच्या समित्यांसाठी त्यांची नावे पाठवावीत.

४) निवडप्रक्रियेतील शिस्त : मुलाखतीपूर्वी निकष व गुणभार निश्चित करावेत, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत व प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. पती कोठे नोकरी करतात, मुले केवढी आहेत, यांसारखे प्रश्न पुरुष उमेदवारास विचारले जात नसल्यास स्त्री उमेदवारासही विचारू नयेत.

५) रजा व वेळ यांविषयीच्या तरतुदींचा वापर : २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेची मुदत १२ वरून २६ आठवडे झाली व ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पीएच.डी.च्या २०१६ व २०२२ च्या नियमांत स्त्री संशोधकांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत व २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. या तरतुदींची माहिती नेमणूकपत्रासोबतच द्यावी. रजेचा काळ सेवेतील उणीव म्हणून मोजला जाणार नाही, हेही स्पष्ट करावे. महत्त्वाच्या बैठका सायंकाळी पाचनंतर घेण्याची प्रथा बंद केल्यास खर्च काहीच येत नाही.

६) सुरक्षित वातावरण : विशाखा निकाल (१९९७), २०१३ चा अधिनियम व आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार अंतर्गत समिती अनिवार्य आहे. ती केवळ फलकावर न राहता स्वतंत्रपणे कार्य करील, याची हमी व्यवस्थापनाने द्यावी.

७) संख्येचे किमान बळ : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये महाविद्यालय विकास समितीवर अध्यापकांतून निवडून येणाऱ्या तिघांपैकी किमान एक महिला असते. हे प्रमाण किमान मर्यादा मानावे, कमाल नव्हे.

राखीव जागांमुळे गुणवत्ता घटते व पदाचा कारभार नातेवाईकच पाहतात, असा आक्षेप घेतला जातो. यावर पंचायत राज्याचा अनुभव उद्बोधक आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पश्चिम बंगालमधील पंचायतींच्या अभ्यासात चट्टोपाध्याय व डुफ्लो यांना २००४ साली असे आढळले, की स्त्री प्रधान असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी मागणी केलेल्या सोयींवर अधिक खर्च झाला. लोरी बीमन व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात गावकऱ्यांना तेच भाषण स्त्रीच्या व पुरुषाच्या आवाजात ऐकवण्यात आले. स्त्री प्रधानाचा अनुभव नसलेल्या गावांत पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषण कमी प्रभावी मानले. जेथे अनुभव होता, तेथे हा भेद जवळजवळ नाहीसा झाला. लागोपाठ दोन वेळा जागा राखीव राहिलेल्या गावांत नंतर खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या व निवडून आल्या. मनातील पसंती मात्र तितकीशी बदलली नव्हती. म्हणजे नेतृत्वाची सवय प्रथम लागते, आवड मागाहून निर्माण होते. मने बदलण्याची वाट पाहून मग संधी देणे हा क्रम उलटा आहे.

८) स्त्री अध्यापकांची स्वतःची तयारी : वरील जबाबदारी मुख्यतः संस्थेची असली तरी काही गोष्टी स्वतः करण्याजोग्या आहेत. सेवापुस्तिका, संशोधन गुण व केलेल्या प्रशासकीय कामांची नोंद दरवर्षी अद्ययावत ठेवावी. एखादे काम स्वीकारताना त्याच्या बदल्यात कोणते काम कमी होणार, हे लेखी विचारावे. विद्यापीठ निवडणुकीत उभे राहावे. पद मिळाल्यावर कनिष्ठ सहकारी स्त्रीसाठी वाट मोकळी करावी. कुटुंबातील कामाची वाटणी हा खाजगी विषय मानला जातो. तथापि पती-पत्नी दोघेही अध्यापक असलेल्या असंख्य घरांत ती वाटणी बदलणे हे पुरुष सहकाऱ्यांच्या हाती आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. स्त्रियांच्या नेतृत्वापुढील अडथळे आरंभी कायद्यात, नंतर सेवानियमांत होते. आज ते मुख्यतः दैनंदिन प्रथांत आहेत. कायदा बदलण्यास एकतीस वर्षे लागली. प्रथा बदलण्याचा अधिकार मात्र महाविद्यालयाच्याच हाती आहे. मूल्यांकनाच्या अहवालात लिंगसमभावाच्या रकान्यात आपण व्याख्याने व कार्यक्रमांची यादी देतो. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांतील प्रत्येक समितीचे प्रमुख कोण होते, निधी कोणी हाताळला, प्राचार्यांच्या रजेत कार्यभार कोणाकडे होता, असा एक तक्ता प्रत्येक महाविद्यालयाने तयार करून अध्यापक सभेत मांडावा.

ज्या विद्यार्थिनी आज वर्गात निम्म्या संख्येने बसल्या आहेत, त्या पदवीच्या तीन-चार वर्षांत अभ्यासक्रमासोबत आणखी एक गोष्ट शिकत असतात. संस्थेत निर्णय कोण घेते आणि स्वागताला कोण उभे असते, हे त्या रोज पाहतात. त्यांच्या समोरचे हे चित्र बदलणे ही अध्यापकवर्गाची शैक्षणिक जबाबदारीच होय.